धड पाय

चादरीवर शाईचे दोन निळे ठिपके उमटले होते — एकाखाली एक, मध्ये बोटभर जागा. वरचा पुसट, खालचा चांगला ठसठशीत. भिंगरी पालथीची उताणी झाली तेव्हा मांडीमागच्या खुणा उतरल्या असणार... लाँड्रीवाला आता बोल लावणार, म्हणून तिने अंगठा पाण्यात बुडवून डाग पुसायला घेतला, तर तो जायच्या ऐवजी पसरला. तरी ती अंगठा फिरवतच राहिली. बोटभर. अठरा दिवसांपूर्वी याच दोन खुणांमध्ये चार बोटं मावत होती. दाबलं की दुखतं ती जागा जिथे सुरू होते तिथे एक खूण, संपते तिथे दुसरी. चाराची तीन झाली, तिनाची दोन, आणि आज सकाळी आठ वाजता एक. एक बोट म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मग सही करताना पेन का अडलं?

पेन अडलं नव्हतं. शाई संपत आली होती, एवढंच. पण दुसरं पेन घ्यायला ती खणाकडे वळली तेव्हा तळहाताला घाम कशाचा होता... उकाडा. खिडकी बंद होती ना.

सही तर होऊन गेली होती. 'धावण्यास योग्य' असं लिहिलेली ती वीतभर चिठ्ठी ट्रॅकसूटच्या खिशात कोंबून भिंगरी दोन-दोन पायऱ्या सोडत जिना उतरली होती, आणि मावशीने वरून "एकेक पायरी!" म्हणून ओरडेपर्यंत रस्त्याच्या पलीकडे पोचलीसुद्धा होती. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण पाळण्यातही एका जागी न टिकलेल्या पोरीला दुसरं काय म्हणणार? ताईची मुलगी, बावीस वर्षांची. आज दुपारी चार वाजता मैदानावर निवडीची शर्यत — दोनशे मीटर, आठ मुली, त्यांतल्या चार संघात जाणार, आणि पुढची निवड चार वर्षांनी. दोनशे मीटर धावणाऱ्या मुलीच्या आयुष्यात चार वर्षं म्हणजे काय हे कुणी कुणाला सांगायला नको. मागच्या सहा आठवड्यांत दुखापत झालेल्या मुलीला फिजिओच्या सहीशिवाय रेषेवर उभं करायचं नाही, असा तिच्या प्रशिक्षकांचा नियम होता. आणि फिजिओ कोण, तर सख्खी मावशी.

वीस वर्षं ती या दोन खोल्यांत लोकांचे गुडघे, टाचा, पाठी हातात घेत आली होती. लोक तिला डॉक्टरबाई म्हणत. 'मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट' हे ती पहिली पाच वर्षं सांगत राहिली, मग दमली. हाताला यश आहे असंही लोक म्हणत. ते मात्र तिने कधी खोडून काढलं नाही. माणसाने किती म्हणून नम्र असावं.

"दुखतंय का?" तिने सकाळी विचारलं होतं.

"नाही गं मावशी."

अंगठा अजून मांडीला टेकलासुद्धा नव्हता.

तिने ते हसण्यावारी नेलं होतं. मग अंगठा टेकवला होता, बैठकीच्या हाडापासून वीतभर खाली — मांडीच्या मागून गुडघ्याकडे जाणारे ते लांब स्नायू, ज्या सगळ्यांना मिळून लोक हॅमस्ट्रिंग म्हणून मोकळे होतात, त्यांतल्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूवर. इथेच झालं होतं. सरावाचे शेवटचे चाळीस मीटर, पूर्ण वेग, आणि भिंगरी एकदम मांडीमागे हात नेऊन थांबली होती आणि मागे वळून बघत होती, खडा कुणी मारला म्हणून. मागे कुणी नव्हतं. खडाही नव्हता. पुढे टाकलेलं पाऊल जमिनीला लागायच्या आधीच्या त्या क्षणी हा स्नायू पार ताणलेला असतो आणि नेमका तेव्हाच त्याला पायाचा वेग आवरायचा असतो. तिथे त्याचे चार धागे तुटतात, आणि माणसाला वाटतं कुणीतरी मागून मारलं. दहापैकी आठ जण असेच मागे वळून बघतात. आपल्याच अंगाने दगा दिला यावर कुणाचा चटकन विश्वास बसत नाही.

पहिले काही दिवस तिने भिंगरीला डोळ्यांत तेल घालून जपलं. इलॅस्टिकची पट्टी, मधूनमधून दहा मिनिटं बर्फ, चालायचं तर आखूड पावलांनी, आणि मुख्य म्हणजे ताण द्यायचा नाही — कारण धावणाऱ्यांची ही खोडच, मांडी आखडली की पाय कट्ट्यावर टाकून खेचतील, उसवलेली शिवण ओढून बघावी तशी. ताईचे दिवसातून तीन फोन: "गरम तेल चोळू का गं?" "ताई, तेल नको. आणि चोळायचं तर मुळीच नाही." मग दुखणार नाही इतपत हालचाल, टाचेखाली टॉवेल घेऊन फरशीवर पाय सरकवत लांब करायचा, मग एकाच पायावर कंबर उचलायची, मग धावणं, निम्म्या वेगाने, पाऊण वेगाने, त्याच्याही थोडं वर... सगळं पायरीपायरीने. कुठेही कसूर नव्हती. तिने पुन्हा एकदा मनात सगळ्या पायऱ्या मोजल्या. नव्हतीच.

आणि आज शेवटची परीक्षा. भिंगरीला पालथं झोपवून, गुडघा जरासा वाकवून, टाचेमागे ते तळहातात मावणारं यंत्र दाबून धरलं, आणि म्हटलं, ओढ! टाच मागे ओढायची, सगळा जोर लावून, आणि यंत्रावर आकडा येतो. डावा म्हणजे दुखरा — एकवीस किलो. उजवा म्हणजे धड — साडेएकवीस. दुखरा पाय धड पायाच्या नव्वद टक्के भरला की माणूस सोडायचा, हा शिरस्ता. इथे तर जवळजवळ शंभर.

"सारखेच ना मावशी?" उशीत तोंड खुपसलेली भिंगरी म्हणाली.

"सारखेच."

मग उताणं झोपून, गुडघा न वाकवता, पाय होईल तितक्या झटक्याने वर. मनात भीती असली की पाय वर जाता जाता कचरतो. तोंड खोटं बोलेल, पाय बोलत नाही. आधी उजवा, मग डावा. दोन्ही सारखेच उठले. अगदी सारखेच... तेव्हा काहीतरी तिच्या नजरेच्या कडेला आलं होतं आणि निघून गेलं होतं. भांड्याला भांडं लागल्याचा आवाज दुसऱ्या खोलीतून यावा आणि आपण कान द्यावा तर शांत, तसं. ती चादर काढता काढता थांबली. काय होतं ते? काही नव्हतं. तिने चादर गोळा करून टोपलीत टाकली आणि दुसरी घातली.

दहा वाजता ताईचा फोन आला.

"केलीस ना सही?"

"केली."

"मग आवाज असा का?"

"कसा?"

"कसा म्हणजे... उतरल्यासारखा."

"अगं, पेशंट आहे समोर." समोर कुणी नव्हतं. भिंतीवर हाडांचा तक्ता होता, आणि त्यातला सांगाडा तिच्याकडे दात विचकून बघत होता.

"बरं बाई. मी तीनलाच जाऊन बसते मैदानावर. काळजी नाही मला, तुझ्या हाताला यश आहे. मागच्या वेळीही तूच तर उभं केलंस तिला." ताईने फोन ठेवला.

मागच्या वेळी. दोन वर्षांपूर्वी. बाहेरच्या खोलीत, बाकाच्या बरोबर वर, त्याचा फोटो होता: भिंगरी छाती पुढे काढून फीत तोडते आहे, केस तोंडावर, डोळे मिटलेले. मांडी फाटून अकराव्या आठवड्यात जिंकलेली शर्यत. तेव्हाची जखम आताच्यासारखी चार धाग्यांची नव्हती, गुडघ्यापर्यंत जांभळं उतरलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला ती तो फोटो दाखवायची. ज्यांना नुसती मान आखडलेली असायची त्यांनाही. चार लोकांसमोर सांगण्यासारखं आयुष्यात एक काहीतरी असावं माणसाकडे, आणि तिच्याकडे हा पाय होता.

अकरा वाजता रंगारी आला. भरल्या अंगाचा, पन्नाशीचा, कानामागे पांढऱ्या रंगाचे शिंतोडे. जिना चढायला त्याला पाच मिनिटं लागली आणि त्या पाच मिनिटांत त्याने जिना बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कामाच्या ठिकाणी फरशीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरला होता, शिडीवरून उतरताना त्यावर पाय पडला, एक पाय गेला पुढे, दुसरा राहिला मागे. "सर्कशीतल्या पोरी करतात ना तसं, डॉक्टरबाई. फक्त टाळ्या नाही पडल्या."

"आवाज आला होता?"

"टप्प! मला वाटलं विजार फाटली. विजार धड होती."

तिने त्याला पालथं झोपवलं. उजव्या मांडीमागे वांग्यासारखं जांभळं, गुडघ्याच्या खळगीपर्यंत ओघळलेलं. जखम वर असते आणि रक्त खाली उतरतं. लोक घाबरून गुडघा दाखवत येतात. तिने बोटांनी चाचपलं, कुठे खड्डा लागतो का, वर हाडापाशी काही तुटून सुटलंय का... तसं नव्हतं.

"चोळलंत का?"

"मी नाही. बायकोने. दोन दिवस. रागाने."

"तिला सांगा, राग दुसरीकडे काढायचा." तिने टाचेमागे यंत्र धरलं. "ओढा. सावकाश. दुखलं की थांबा." नऊ. "आता दुसरा पाय."

"त्याला नका विचारू."

"कुणाला?"

"त्या पायाला हो. लहानपणी झाडावरून पडलो होतो, तेव्हापासून तो नुसता नावाला आहे. त्याच्याशी ताडून मला बरा ठरवाल आणि मी जाईन पुन्हा शिडीवर." रंगारी उशीतून हसला. "लंगड्याला साक्षीला बोलावून कसा न्याय करणार?"

तीही हसली. हसत हसत तिने डाव्या टाचेमागे यंत्र धरलं, आकडा आला दहा, आणि तिने कागदावर लिहिलं: 'तुलना धरू नये'. अक्षर नेहमीसारखं आलं. हात नेहमीसारखा चालत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, शिडी निदान सहा आठवडे नाही, बसताना मांडीखाली उशी, घरच्या घरी चालणं, परवा पुन्हा या — आणि हे सगळं सांगताना तिच्या कानांत एक बारीक शिट्टी वाजायला लागली होती, दूध उतू जायच्या आधी भांडं कुरकुरतं तशी.

जाताना रंगारी बाकाशी टेकला आणि फोटोकडे बघत राहिला.

"ही कोण, मुलगी?"

"बहिणीची. तिचीही मांडीच होती. तुमच्यापेक्षा जास्त फाटलेली."

"काय सांगता! कुठला पाय?"

"उजवा," ती म्हणाली.

रंगारी कधी गेला, पायऱ्यांवर किती वेळ त्याचं कुरकुरणं ऐकू येत होतं, हे तिला नंतर आठवेना. ती फोटोसमोर उभी होती. उजवा. आज सकाळी जो धड म्हणून धरला, ज्याच्या आकड्याने डाव्याचा आकडा मोजला, तो उजवा. ज्याला साक्षीला बोलावलं तो... छे, पण तो तर बरा झालेला पाय. मीच बरा केलेला. हा बघा ना, फीत तोडतोय.

जुन्या वह्या कपाटाच्या तळाशी होत्या. ती फरशीवर मांडी घालून बसली आणि एकेक काढू लागली. बाहेर कुणीतरी दार ठोठावलं, तिने "दुपारी बंद आहे" म्हणून सांगितलं, अजून दुपार व्हायची होती. दोन वर्षांपूर्वीची वही. मोसमाच्या सुरुवातीला, काही झालेलं नसताना, भिंगरीचे आकडे: उजवा सव्वीस, डावा सव्वीस. तिने बोट त्या ओळीवर ठेवलं. सव्वीस. मग पानं उलटत नवव्या आठवड्यावर आली — सोडलं त्या दिवशीचं पान. उजवा तेवीस, डावा सव्वीस. म्हणजे टक्के... तिने हिशोब केला नाही, करायची गरज नव्हती, तो तिथेच मार्जिनमध्ये बारीक अक्षरात केलेला होता. अठ्ठ्याऐंशी. आणि त्यापुढे, जरा मोठ्या अक्षरात: 'सुमारे नव्वद'.

सुमारे. तिला तो दिवस लख्ख आठवला. ताई दारात उभी होती, खांद्यावर पिशवी, आत यायचं की नाही अशी. भिंगरी टेबलावर कोपरांवर रेलून, "झालं ना मावशी, झालं ना?" आणि तिघींनाही एकच हवं होतं, आणि दोन टक्के म्हणजे काय, यंत्र धरणाऱ्या हातानेही दोन टक्के इकडचे तिकडे होतात... व्यायाम मात्र आणखी सहा महिने करायचा, असं तिने खाली लिहिलं होतं. पण पंधरा दिवसांत भिंगरी जिंकली, आणि जिंकलेल्या पायाला कोण व्यायाम विचारतं? ताईने विचारलं नाही. प्रशिक्षकांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मी फोटो लावला.

म्हणजे तेवीसचा दोन वर्षांत साडेएकवीस झाला होता. आणि आज सव्वीसातला एकवीस घेऊन आलेला डावा त्याच्या शेजारी उभा राहून शंभर टक्के ठरला होता. सारखेच. सारखेच अधू. आणि आता तिला सकाळी नजरेच्या कडेला काय आलं होतं तेही दिसलं — पाय झटक्याने वर जाताना डावा एका जागी किंचित कचरला होता. पण त्याच्या आधी, त्याच उंचीवर, उजवाही कचरला होता. दोघांनीही एकच थाप मारली, म्हणून तिला ती खरी वाटली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. रंगाऱ्याला कळलं, मला कळलं नाही.

साडेबारा.

फोन उचलून दोन शब्द बोलायचे, की झालं. तिने फोन उचलला आणि खाली ठेवला. कारण काय सांगणार होती ती? स्नायू तुटेलच, असं? ते कुठे ठाऊक होतं. ऐंशी टक्क्यांवर धावून काहीही न झालेल्या मुली तिने पाहिल्या होत्या, आणि शंभरावर तुटलेल्याही. छातीठोक सांगणारा फिजिओ एकतर खोटारडा असतो नाहीतर नवा. पण एकाच जागी दुसऱ्यांदा तुटलं की पहिल्यापेक्षा वाईट तुटतं, महिनेच्या महिने जातात, आणि काहींचा शेवटचा तो वेग पुन्हा येतच नाही, हेही तिला ठाऊक होतं... आणखी दोन-तीन आठवडे मिळाले असते तर. पण शर्यत आज होती. थांबवलं तर चार वर्षं नक्की गेली. नाही थांबवलं तर — कदाचित काहीच नाही. संध्याकाळी पेढे... आनंदीआनंद, ताई गळ्यात पडेल, आणि वही पुन्हा कपाटाच्या तळाशी. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे मनात आलं आणि ते आलं याचीच तिला इतकी शरम वाटली की ती रिकाम्या खोलीत मोठ्याने "नाही" म्हणाली.

पण अडीच वाजता पायांत चप्पल घालून, दाराला कुलूप लावून, दुपारच्या दोन पेशंटना नका येऊ म्हणून कळवून ती रस्त्यावर आली तरी काय करायचं ते ठरलं नव्हतंच. ऊन रस्त्यावरून डोळ्यांवर येत होतं. नेहमीप्रमाणे ती पुढे चालणाऱ्यांचे पाय बघत चालली. हा डाव्यावर कमी भार टाकतोय, हिची टाच बाहेरून झिजलेली, हा बाबा कंबरेतून चालतोय... प्रत्येकजण काही ना काही सांभाळून चालला होता आणि कुणाचंही कुणाकडे लक्ष नव्हतं. एरवी या बघण्यात तिला गंमत वाटायची. आज वाटलं, आपण इतकी वर्षं पाय बघतोय आणि वर कधी बघितलंच नाही.

मैदानाच्या पायऱ्यांवर सावलीत ताई बसली होती, मांडीवर पाण्याची बाटली, पाठीशी घरून आणलेली उशी. ताईने लांबूनच हात हलवला. तिनेही हलवला, आणि ताईकडे न जाता टेबलाकडे वळली. प्रशिक्षक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, यादीवर डोकं खाली घालून बसले होते.

"सर, सकाळची चिठ्ठी जरा द्याल?"

"का हो बाई? तारीख चुकली?"

हो म्हणायचं होतं, हो म्हणणं किती सोपं होतं. "मला तिला एकदा पुन्हा बघायचंय," ती म्हणाली.

सरांनी मान वर केली. क्लिपमधून चिठ्ठी ओढून तिच्या हातात दिली. "पावणेचारला यादी वर जाते. तेव्हा ही चिठ्ठी माझ्याकडे असली तर ती धावेल, नसली तर नाही. मला कारण नको."

तीन वाजून वीस मिनिटं. वळणाच्या पलीकडे, गवतावर, भिंगरी गुडघे छातीपर्यंत उचलत जागच्या जागी धावत होती. घामाने मान चकाकत होती. मावशीला बघून ती थांबली आणि हसली, आणि ते हसू मावशीच्या हातातल्या चिठ्ठीपर्यंत आलं आणि तिथे विझलं.

"पालथी पड."

"आता? अंग थंड होईल मावशी."

"पड जरा."

भिंगरी गवतावर पालथी झाली. ती शेजारी गुडघे टेकून बसली. डाव्या मांडीमागच्या खुणा घामाने विरघळून एकच निळा ओघळ झाला होता. तिने अंगठा तिथे नेला नाही. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं निसटली होती, म्हणून जे तोंडात आलं ते बोलली. "सकाळी माझी चूक झाली. डावा मी उजव्याशी ताडून पाहिला, उजवा धड आहे असं धरून. तो धड नाहीये. मागच्या वेळीच तो पुरता भरला नव्हता, मी... मी आकडा वर धरला होता. आणि फिरून बघितलंच नाही."

भिंगरीची पाठ श्वासाने वरखाली होत होती. एक मुंगी तिच्या कोपरावर चढली आणि उतरून गेली.

"मला माहितीये," भिंगरी गवतात बोलली.

"काय माहितीये?"

"उजव्याचं. वळणावर जोर लावायला गेलं की तो कमी पडतो. पहिल्यापासूनच. मग डाव्याने ओढायचं. सवय झाली त्याची."

मग डाव्याने ओढायचं. दोन वर्षं डावा दोघांचं ओढत होता, आणि अठरा दिवसांपूर्वी... म्हणजे खडा कुणी मारला होता हे आता कळलं. तिने तळहात गवतावर टेकवला.

"मग बोलली का नाहीस गं?"

"कधी बोलणार?" भिंगरीने मान वळवली, गालावर गवताच्या काड्यांचे वळ उठले होते. "तू फोटो लावला होतास. कुणीही आलं की तेच सांगायचीस. आई पण. आणि तू विचारायचीस ना दुखतंय का म्हणून, तेव्हा तुझा चेहरा..."

"कसा?"

"निकाल लागायचा असतो ना पोरांचा, तसा. मग मी म्हणायचे, नाही गं. तुझं टेन्शन मला बघवायचं नाही."

पोरीने हे रडून सांगितलं असतं, चिडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती साधं सांगत होती, बूट घट्ट होतो म्हणून सांगावं तसं. वीस वर्षं मी हा प्रश्न विचारत आले. किती जणांनी माझ्याकडे बघून उत्तर दिलं असेल? किती जण बरे नसतानाच मला बरं वाटावं म्हणून जिना उतरून गेले असतील? हाताला यश... तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही, कारण पुसलं की भिंगरीला दिसलं असतं. मग कळलं की ते तसंही दिसतंय, आणि दिसू दे.

टेबलाकडून शिट्टी वाजली. लांबवर सर उभे राहून मनगटाकडे बोट दाखवत होते. पायऱ्यांवर ताईही उठून उभी राहिली होती, डोळ्यांवर हात धरून, इकडे काय चाललंय ते बघत. चिठ्ठी तळहातात घामाने नरम झाली होती. ती फाडता आली असती, नेऊन देता आली असती, दोन्हीला सारखाच वेळ लागला असता.

"उठून बस," ती म्हणाली.

भिंगरी बसली, पाय लांब करून. तिने चिठ्ठी दोघींच्या मध्ये गवतावर ठेवली आणि दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर. अंगठ्याला काही करायचं नव्हतं, आणि त्याला ते जमत नव्हतं. मग तिने भिंगरीच्या तोंडाकडे बघितलं, पायाकडे नाही, आणि विचारलं —

"दुखतंय का?"

भिंगरीने तोंड उघडलं. 'नाही' तिच्या ओठांवर आलेलं होतं, तिला ते दिसलंही, इतक्या वर्षांच्या सवयीने तयार होऊन आलेलं. पण ते बाहेर पडलं नाही. भिंगरी तशीच तिच्याकडे बघत राहिली, तपासत, आज या चेहऱ्याला काय चालेल ते शोधत, आणि तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं बहुतेक, कारण पोरीची नजर हळूहळू खाली वळली, स्वतःच्या पायांकडे, आधी डाव्याकडे, मग उजव्याकडे, जणू त्यांना पहिल्यांदाच विचारत होती.

दुसरी शिट्टी वाजली. तिला भीती वाटत होती, आयुष्यात वाटली नव्हती एवढी, आणि कुठलं उत्तर आपल्याला हवंय हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. तरीही ती थांबून राहिली.